उंदराचा मसाना आणि गरिबाचा हिस्सा

भाचीने तो प्रश्न विचारला तेव्हा आम्ही अब्बांच्या पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी रिकामी करून हात धूत होतो. भाची एम. फार्म. करते. सुट्टीत सोलापूरला आली की दिवसभर नानांच्या उशाशी बसते, त्यांच्या गोळ्यांची पाकिटे उलटसुलट करून वाचते. त्या दिवशी ती एकदम म्हणाली, "मामू, मला प्रबंधासाठी मधुमेह झालेल्या उंदरांच्या मसान्यावर काम दिलंय. छत्तीस उंदीर लागतील. काम झाल्यावर ते सगळे मारावे लागतात. हे जायज आहे का?"

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा आमचा रोजगारच आहे. जायज-नाजायजचा फतवा देणे मात्र आमचे काम नव्हे. "मौलानांना विचार," असे सांगून सुटता आले असते. पण पोरीने प्रश्न मौलानांना नव्हे, आम्हांला विचारला होता, आणि तोही त्या पलंगापाशी उभे राहून. आम्ही म्हणालो, "बेटी, विचार करून सांगतो." तो विचार कित्येक महिने चालला. तोच येथे मांडत आहोत.

आधी अब्बांविषयी सांगायला हवे, कारण त्यांच्याशिवाय हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी राहिला असता. अब्बांनी तीस वर्षे यंत्रमाग चालवला. सोलापुरी चादर आणि टॉवेल दूरवर जातात. त्या धाग्यांमागे उभ्या असलेल्या माणसाला मात्र जागचे हलता येत नाही. एका कामगाराकडे एकाहून अधिक माग असतात. धागा तुटला की धावायचे, कांडी संपली की बदलायची. लघवीला जायचे म्हणजे माग थांबवायचे, आणि माग थांबला की मजुरी थांबली. म्हणून दाबून धरायची सवय. त्यात वीस वर्षांपासून मधुमेह. साखर तपासायची, गोळ्या घ्यायच्या, डोळे दाखवायचे, पायाला जखम होऊ द्यायची नाही, एवढे सर्वांनी सांगितले. मसान्याविषयी त्या वीस वर्षांत कोणी एक शब्दही विचारला नाही. अब्बांनी आपणहून सांगितले नाही, कारण ही गोष्ट आपल्याकडे मुलाशीही बोलत नाहीत.

मग एका रात्री लघवी तुंबली. दवाखान्यात नळी घातली तेव्हा लिटरभर लघवी निघाली. डॉक्टर म्हणाले, "मूत्राशयाच्या नसा मेल्यात. पिशवी भरली हे यांना कळतच नाही. नुसते थेंब ओघळतात." अब्बांना दुखतही नव्हते. दुखत नव्हते, हाच खरा आजार होता.

उर्दू शाळेत आम्ही या अवयवाला मसाना म्हणतो, मराठी पुस्तकात तो मूत्राशय असतो. शब्द कोणताही वापरा, माणसाची इज्जत या छोट्या पिशवीत किती अडकलेली असते ते त्या वर्षी कळले. अब्बा मशिदीच्या पहिल्या सफमधले नमाजी. त्यांनी जाणे सोडले. म्हणाले, "थेंब थेंब गळतंय बेटा. मी कोणत्या तोंडानं सफमध्ये उभा राहू?" इमामसाहेब घरी येऊन समजावून गेले. ज्याची लघवी थांबतच नाही तो शरीयतच्या दृष्टीने माजूर असतो. त्याने प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वुजू करावा. मग थेंब आला तरी नमाज होते. हनफी फिकहमध्ये हा मसला शेकडो वर्षांपासून लिहिलेला आहे. म्हणजे आपल्या बुजुर्गांनी या दुखण्याची दखल घेतली होती. अब्बांनी ऐकले, मान हलवली, आणि घरातच नमाज पढू लागले. मसला सुटला, पण शरम सुटली नाही.

आता उंदरांकडे वळू.

मसान्याच्या अभ्यासासाठी उंदीर का घेतात, हे भाचीकडून आणि वाचनातून आम्ही समजून घेतले. प्रयोगशाळेत दोन जातींचे पांढरे उंदीर असतात: मोठा तो रॅट, लहान तो माऊस. त्यांचा मसाना आपल्यासारखाच स्नायूंची पिशवी आहे, त्यावर तशाच नसांचा ताबा आहे, आणि पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत तसाच निरोप जातो. उंदराला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवतात. खाली नरसाळे असते. लेंड्या एका बाजूला पडतात, मूत्र दुसऱ्या नळीत साठते. दिवसरात्र किती वेळा, किती थेंब, याची नोंद होते. कधी तळाशी गाळणकागद अंथरतात. अतिनील प्रकाशाखाली त्यावरचे डाग चमकतात आणि डागांच्या आकारावरून हिशेब निघतो. यात उंदराला फारसा त्रास नाही. पण पुढची पायरी वेगळी आहे. पोट उघडून मसान्याच्या टोकाला बारीक नळी शिवतात, तिच्यातून हळूहळू सलाइन भरतात आणि आतला दाब मोजतात. यासाठी युरेथेन नावाचे भूलऔषध वापरतात, कारण त्याने लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडत नाही. मात्र ते औषध शरीराला इतके घातक आहे की त्या उंदराला पुन्हा जागे होऊ देत नाहीत.

मधुमेहाच्या प्रयोगात स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे द्रव्य टोचून उंदराच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. मग मसान्याचे काय होते ते आठवड्यामागून आठवडे पाहतात. या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. मसाना एकदम ढिला पडत नाही. आधी तो वाढतो, जाड होतो, उतावळा होतो, वारंवार आकसतो. नंतर कधीतरी थकतो आणि रिकामा होईनासा होतो. उंदरात हे काही आठवड्यांत घडते, माणसात वर्षे लागतात. अर्थ असा, की नुकसान सुरू होते तेव्हा माणूस हिंडता-फिरता असतो आणि फक्त म्हणतो, "हल्ली जरा सारखं जावं लागतं." सावध करायची वेळ तीच असते.

हे वाचताना आम्हांला अब्बांची ती वर्षे आठवली. रात्री तीन-तीनदा उठायचे. आम्ही म्हणायचो, साखर वाढली असेल.

दुसरे उदाहरण पाठीच्या कण्याचे. कणा दुखावलेल्या उंदराला सुरुवातीचे काही आठवडे लघवी करता येत नाही. प्रयोगशाळेतला माणूस दिवसातून दोन-तीनदा त्याला हातात घेऊन, बोटांनी पोट दाबून, मसाना रिकामा करतो. भाचीने हे सांगितले तेव्हा आम्ही गप्पच झालो. इजा करणारा हात आणि सेवा करणारा हात एकच. आम्ही घरात अब्बांसाठी जे करत होतो तेच तिथे कोणी उंदरासाठी करत होता. फरक एवढाच की अब्बांना आम्ही आजारी पाडले नव्हते.

तिसरे उदाहरण अलीकडचे. पिशवी भरली हे शरीराला कळते कसे? २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवले की मसान्याचे ताणणे ओळखण्यात पिएझो-२ नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. ज्या उंदरांत ते काढून टाकले त्यांचा मसाना बिघडला. या संशोधनामागे आर्डेम पटापुटियन होते. बैरुतमध्ये जन्मलेला हा आर्मेनियन माणूस लेबनॉनमधील यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेला गेला आणि स्पर्श व दाबाच्या संवेदनेवरील कामासाठी २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मानकरी ठरला. पण त्या शोधनिबंधात उंदरांबरोबर माणसेही होती. जन्मतःच ते प्रथिन नसलेली काही माणसे आहेत. त्यांनी सांगितले, की आम्हांला लघवी लागल्याची जाणीवच होत नाही. आम्ही घड्याळ पाहून जातो. हे उंदीर कधीही सांगू शकला नसता. त्याचा मसाना कसा वागतो हे यंत्र दाखवते. त्याला काय वाटते, किंवा वाटत नाही, हे कोणते यंत्र दाखवणार?

येथे 'नमुना' या शब्दाचा विचार करावासा वाटतो. वर्गात आम्ही पृथ्वीचा गोल दाखवतो. मुलांना तो उपयोगी पडतो, कारण तो पृथ्वीसारखा गोल आहे. पण त्यावर पाय ठेवून कोणी हजला जात नाही. नमुना कोठवर खरा आणि कोठून खोटा, हे सांगत नाही तो शिक्षक मुलांना फसवतो. उंदराच्या मसान्याचेही तसेच आहे. अटलांटा येथील जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक गमतीदार वाटणारा पण गंभीर निष्कर्ष प्रसिद्ध केला. तीन किलोपेक्षा जास्त वजनाचे सस्तन प्राणी, मग तो कुत्रा असो की हत्ती, भरलेला मसाना रिकामा करायला साधारण २१ सेकंद घेतात. हत्तीची पिशवी मोठी, पण नळीही लांब आणि रुंद. म्हणून वेळ सारखाच. उंदरासारख्या लहान प्राण्यांची धार मात्र होतच नाही. त्यांचे थेंब पडतात, तेही क्षणार्धात. माणसाच्या मसान्यात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते, लहान उंदराच्या मसान्यात एक मिलिलिटरही नाही. त्यात उंदीर आपली हद्द आखण्यासाठीही मुतत फिरतो. त्याला लघवी म्हणजे भाषा आहे, आपल्याला ती खाजगी गरज. मग त्याच्या थेंबांवरून आपल्या धारेचा निष्कर्ष काढताना किती जपायला हवे! जपले नाही तर उंदीरही फुकट गेला आणि रोगीही.

आता मूळ प्रश्न. लहान प्राणी आहे म्हणून त्याची वेदना लहान असते काय?

आपल्या देशाचा कायदा येथे एक चमत्कारिक उत्तर देतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे सतरावे कलम म्हणते की गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर तोच निष्कर्ष मिळत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. त्याच कलमात आणखी चांगल्या गोष्टी आहेत. पुस्तके, नमुने, चित्रपट यांनी भागत असेल तर महाविद्यालयांत प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. भूल द्यावी. आणि केवळ हाताची सफाई यावी म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. १९६४ मध्ये यासाठी सरकारी समिती नेमली गेली, १९९८ मध्ये नियम झाले, आणि संस्थेतील नैतिकता समितीच्या मंजुरीवाचून प्रयोग करता येत नाही असे ठरले. पण मोठ्याऐवजी लहान घ्या, या वाक्यात आम्हांला खडा लागतो. कुत्र्याच्या जागी उंदीर ठेवला तर आपल्या मनाला हलके वाटते. उंदराला हलके वाटते काय?

धर्माकडे वळलो तर तेथेही उत्तर सोपे नाही. हदीसमध्ये ज्या पाच उपद्रवी जीवांना इहराममध्येही मारण्याची मुभा आहे, त्यांत उंदीर आहे. घरात प्लेग आणणारा, धान्य नासवणारा उंदीर मारणे पाप नाही. पण मारण्याची मुभा ही छळण्याची मुभा नव्हे. मांजरीला कोंडून, ना खायला देऊन ना मोकळे सोडून, मारणाऱ्या बाईची हदीस आमच्या शाळेतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. जिवंत प्राण्याला बांधून त्यावर नेमबाजी करण्यास पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. या दोन हदीसींपुढे सतरावे कलम ठेवून पाहा. एक कोंडण्याविषयी बोलते, दुसरी हाताची सफाई मिळवण्याविषयी. चौदाशे वर्षांचे अंतर आहे, पण खोड तीच.

आम्ही बी. एस्सी.ला असताना पांढरा उंदीर कापला होता. मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचण्यांनी ताणलेले. वाटाण्याएवढा मसाना, त्यात थोडे पाणी. आम्ही तो दाखवला, गुण मिळाले, उंदीर बादलीत गेला. त्यातून जगाला कोणतेही नवे ज्ञान मिळाले नाही. जे आकृतीत होते तेच ट्रेमध्ये होते. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करायला लावले तेव्हा काही मित्र हळहळले. आम्हांला मात्र बादली आठवली.

तरीही प्राण्यांवर प्रयोग नकोच, असे आम्हांला म्हणवत नाही. आपल्याच परंपरेत अबू बक्र अल्-राझी यांनी पाऱ्याचा परिणाम पाहण्यासाठी तो वानराला पाजला होता. मसान्यातील व मूत्रपिंडातील खड्यांवर ग्रंथ लिहिणारे राझी तेच. बाराव्या शतकात अंदलूसच्या इब्न जुहर यांनी श्वासनलिका छेदण्याची शस्त्रक्रिया आधी बकरीवर करून पाहिली. माणसाच्या गळ्यावर सुरी ठेवण्यापूर्वी खात्री करून घेणे ही माणसाविषयीची दया होती. आपल्या मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. हाफकिन यांनी लस बनवली, सशांवर पाहिली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. लोक सुईला घाबरत होते तेव्हा आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. त्या लसीने वाचलेल्यांत आपलेही पूर्वज असतील. सशाचे देणे आपण नाकारू शकत नाही.

येथे आम्हांला 'इख्वानुस्सफा' आठवतात. दहाव्या शतकातील बसऱ्याच्या या विद्वानांनी एका रिसाल्यात प्राण्यांचा माणसाविरुद्धचा दावा रंगवला आहे. मौलवी इकराम अली यांनी १८१० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी त्याचा उर्दू तर्जुमा केला. प्राणी जिन्नांच्या बादशहापुढे फिर्याद मांडतात. माणसे म्हणतात, आम्ही देखणे, आम्ही बुद्धिमान, म्हणून आम्ही मालक. प्राणी एकेक मुद्दा खोडून काढतात. शेवटी माणूस जिंकतो तो रूपावर नाही, अकलेवरही नाही. आखिरतच्या एकाच मुद्द्यावर जिंकतो. तेव्हाही प्राणी आठवण करून देतात की त्या आखिरतमध्ये इनाम आहे तशी सजाही आहे. आम्ही त्यातून एवढेच घेतो: माणसाला हक्क असेल तर तो जाब देणाऱ्याचा हक्क आहे, मालकाचा नाही.

मग जाब द्यायचा तो कशाचा? किती उंदीर मारले याचा, हे उघड आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी तीन गोष्टी सांगितल्या: जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आपल्या सरकारी समितीने प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची चौथी गोष्ट जोडली. हे तत्त्व नुसते कागदावर नाही, याचे मसान्याशीच जोडलेले उदाहरण आहे. उतावळ्या मसान्यात बोटुलिनम विषाची अगदी अल्प मात्रा टोचतात. कण्याच्या रोग्यांना त्याने मोठा आराम पडतो. त्या कुपीवर १०० युनिट, २०० युनिट असे लिहिलेले असते. युनिट म्हणजे काय? ठरावीक उंदरांच्या गटातील निम्मे ज्या मात्रेने मरतात ती मात्रा. म्हणजे कुपीवरचा आकडा उंदराच्या मरणाने मोजलेला आहे. वर्षानुवर्षे प्रत्येक नव्या खेपेची ताकद तपासायला उंदीर मारले जात. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका कंपनीला पेशींवर करायच्या चाचणीची परवानगी दिली आणि उंदरांची संख्या खूप घटवता आली. ज्याला आधी इलाज नाही असे म्हणत होते, त्याला इलाज निघाला. शोधायची इच्छा हवी होती.

पण संख्या आणि वेदना यांच्यापलीकडे आणखी एक हिशेब आहे, आणि आमच्या मते तोच राहून जातो. कुर्बानीच्या वेळी आम्ही मुलांना सांगतो: सुरी धारदार करा, जनावरासमोर पाजळू नका, एकासमोर दुसऱ्याला कापू नका. आणि मग गोश्ताचे तीन हिस्से करा. एक घरचा, एक नातलग-दोस्तांचा, एक गरिबाचा. अल्लाहपर्यंत ना गोश्त पोचते ना रक्त, मनातला तकवा पोचतो, हे कुरआनने स्पष्ट केले आहे. सगळे गोश्त आपल्याच फ्रीजमध्ये भरणाऱ्याला मोहल्ला काय म्हणतो, ते सांगायला नको.

प्रयोगशाळेतल्या जनावराचेही तीन हिस्से होतात. एक हिस्सा प्रयोग करणाऱ्याचा: पदवी, बढती, शोधनिबंध. दुसरा औषध कंपनीचा. तिसरा रोग्याचा. ज्या रोग्याचे नाव सांगून सुरी हातात घेतली, त्याचा हिस्सा त्याच्यापर्यंत पोचतो काय? मधुमेही उंदरांनी सांगितलेली गोष्ट, की मसाना आधी उतावळा होतो आणि मग मरतो, शोधनिबंधांत येऊन बरीच वर्षे झाली. ती आमच्या अब्बांपर्यंत आली नाही. त्यांची साखर तपासणाऱ्यांपैकी कोणी विचारले नाही, की बाबा, रात्री किती वेळा उठता? लघवी झाल्यावर अजून शिल्लक आहे असे वाटते का? सोनोग्राफीत लघवीनंतर मसान्यात किती उरते ते पाच मिनिटांत कळते. ते कोणी पाहिले नाही.

ही फक्त अब्बांची गोष्ट नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका किती आहेत, हे कुंभारीची दहा हजार घरांची वसाहत पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. मांडीवर सूप घेऊन त्या तासन्‌तास बसतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, उठले की विड्या कमी होतात. म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबायची. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो तेव्हाही. आमच्या वर्गातल्या मुलीसुद्धा शाळेतले संडास टाळण्यासाठी दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. विचारले तर ओढणीत तोंड लपवतात. प्रयोगशाळेतल्या उंदराचा थेंब न् थेंब मोजला जातो. या बायकांना कोणी एक प्रश्न विचारत नाही. त्यांना कापायचे नाही, टोचायचे नाही, नुसते विचारायचे आहे. ज्या समाजाला आपल्या आयाबहिणींना विचारण्याची लाज वाटते आणि उंदराला फाडण्याची वाटत नाही, त्याच्या ज्ञानाच्या भुकेवर आमचा भरवसा बसत नाही.

अब्बांना शेवटी कशाने आराम पडला, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरांनी कायमची नळी काढली आणि दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ हातांनी स्वतःच बारीक नळी घालून मसाना रिकामा करायला शिकवले. ही पद्धत अमेरिकेतील लॅपिडिस नावाच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये मांडली. ती उंदराच्या पिंजऱ्याशी नव्हे, रोग्यांच्या सोबतीने रुजली. त्यात महागडे काही नाही. लागतो तो शिकवणाऱ्याचा वेळ. डॉक्टरांनी विचारले, "वेळ कशी लक्षात ठेवाल?" अब्बा म्हणाले, "अजान आहे ना." तेव्हापासून प्रत्येक अजानच्या आधी नळी, मग वुजू. ज्यांची जाणीव गेली त्यांना डॉक्टर घड्याळ लावून जायला सांगतात. आपल्याकडे पाच वेळा वाजणारे घड्याळ आधीपासूनच आहे. त्याचा असा उपयोग आम्हांला कोणी सांगितला नव्हता.

आता भाचीला दिलेले उत्तर. आम्ही तिला म्हणालो, "बेटी, मुभा आहे की नाही ते आलिम सांगतील. मामू म्हणून तीन गोष्टी विचारतो. जे तू शोधणार आहेस ते आधीच कोणी शोधलेलं आहे का? छत्तीस कशाला, कमी चालतील का? आणि जे मिळेल ते नानांसारख्या माणसापर्यंत कोण नेणार?"

तिने रागावून फोन ठेवला. दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला. आधीच्या दोन तुकड्यांनी वेगवेगळ्या वनस्पती घेऊन जवळजवळ हाच प्रयोग केला होता, आणि दोन्ही प्रबंध कपाटात होते. तिने ते धूळ झटकून वाचले. त्यातल्या नोंदींच्या आधारे काही मात्रा पुन्हा तपासण्याची गरज नाही, हे तिने मार्गदर्शकांना आणि समितीला पटवले. सहा गटांऐवजी चार झाले. छत्तीसऐवजी चोवीस उंदीर. "बारा वाचले मामू," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "पण चोवीस तर गेलेच."

आम्ही तिची समजूत घातली नाही. चोवीस गेले ते तिने विसरू नये असेच आम्हांला वाटते. देणे लक्षात असलेला माणूसच ते फेडतो.

तिने सुट्टीत एक कागद लिहिला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. मधुमेह असणाऱ्यांसाठी चार प्रश्न: लघवी लागल्याचे कळते का, रात्री किती वेळा उठता, झाल्यावर शिल्लक वाटते का, नकळत थेंब जातात का. यातल्या एकाचेही उत्तर काळजीचे असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, लाजू नका. आम्ही त्याच्या प्रती काढल्या. मोहल्ल्यातल्या दवाखान्यात ठेवल्या, विड्या देण्या-घेण्याच्या रांगेतल्या बायकांना शेजारच्या खालाकडून वाटल्या. जुम्म्यानंतर मशिदीच्या दारात त्या वाटायला अब्बा स्वतः उभे राहिले. एका जुन्या यंत्रमागवाल्या दोस्ताने कागद वाचून खाली घातलेली मान बराच वेळ वर केली नाही. मग त्याने अब्बांचा हात धरून त्यांना बाजूला नेले, आणि दोघे म्हातारे भिंतीला टेकून हळू आवाजात बोलत राहिले.